पेटी आणि तंबोऱ्याचं भांडण नेमकं कशावरून होतं?

अंतरा_ठाणे
नमस्कार मंडळी, इथे गाणंबजावणं करणारे बरेच जण दिसतात म्हणून विचारते. आमच्या सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी बसतो, एक पेटी, एक तबला (सेक्रेटरींचा मुलगा वाजवतो, परीक्षा आली की गायब) आणि तंबोऱ्याचं मोबाईल अॅप ब्लूटूथ स्पीकरला लावून. सध्या यमनमध्ये एक अभंग बसवतोय. नुसतं अॅप लावून गायलो की छान वाटतं, नुसत्या पेटीवर गायलो तरी ठीक, पण दोन्ही चालू असताना पेटीवर गंधार धरून थांबलं की काहीतरी किरकिरतं. सा वर नाही, प वर नाही, गंधारावरच. पेटीवाल्या काकू म्हणतात अॅप बिघडलंय, मला वाटतं पेटी उतरलीये, बाकीच्या म्हणतात भांडू नका चहा घ्या. ट्यूनर लावून बघितला तर पेटी बरोब्बर दाखवतोय. मग काय भानगड आहे?

षड्ज_पंचम
दोघंही आपापल्या हिशोबाने बरोबर आहेत, हिशोबच वेगवेगळे आहेत.

आकडेमोड सोपी जावी म्हणून तुमचा सा 240 हर्ट्झ धरू, म्हणजे काळी पाचच्या (पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या) थोडा वर. तंबोऱ्याची तार छेडली की नुसता सा वाजत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे स्वर त्यात असतात. खर्ज (खालचा सा) 120 चा, त्याची पाचपट 600, आणि 600 म्हणजे तार सप्तकातला गंधार. तंबोऱ्यात गंधाराची तार नसतानाही "गंधार ऐकू येतो" असं जे म्हणतात ते हेच. त्याच्या निम्मा मधला गंधार 300.

आता पेटी. तिच्यात सप्तकाचे बारा एकसारखे भाग केलेले असतात, म्हणजे कुठलीही पट्टी सा धरली तरी चालावं. त्या हिशोबाने गंधार येतो 302.4. फरक साधारण 14 सेंट, अर्ध्या स्वराचा सातवा भाग. पेटीच्या या गंधाराचा वरचा स्वर येतो 604.8 वर, आणि तंबोरा सांगतोय 600. दोन इतके जवळचे स्वर एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच वेळा आवाज कमीजास्त होतो, डुगडुगतो. तीच तुमची किरकिर.

पंचम मात्र शुद्ध 360 आणि पेटीचा 359.6, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. ट्यूनर पेटीच्याच बारा भागांच्या मापाने मोजतो, म्हणून तो पेटीला शाबासकी देणारच!

चहाटळ
14 सेंट?? आमच्या मंडळात लोक अख्खा स्वर चुकतात आणि तरी प्रसाद वेळेवर मिळतो 😀

अंतरा_ठाणे
@षड्ज_पंचम अगदी मुद्द्याचं सांगितलंत, काकूंना वाचून दाखवते. पण मग गाताना आपण कुठला गंधार लावतो, 300 का 302?

षड्ज_पंचम
सोबत जे मोठ्याने वाजतंय त्याचा. पेटीवर शिकलेला माणूस पेटीचा लावतो, तंबोऱ्यावर शिकलेला तंबोऱ्याचा, आणि तुमच्यासारखं दोन्ही चालू असेल तर निम्म्या जणी इकडे निम्म्या तिकडे.

भाताकाका
अंतराताई, मी पेटी वाजवतो आणि दुरुस्तही करतो त्यामुळे माझे दोन पैसे. पेटीतले स्वर म्हणजे पितळेच्या पट्ट्या, एका टोकाला रिव्हेटने बसवलेल्या, दुसरं टोक मोकळं. मोकळ्या टोकाकडे हलकं घासलं की तिथलं वजन कमी होतं आणि स्वर चढतो, मुळाशी घासलं की पट्टी लवचिक होते आणि स्वर उतरतो, बस एवढंच शास्त्र आहे बाकी सगळा हाताचा अंदाज, एकदा जास्त घासलं गेलं की गेलं. काही गायक त्यांच्या पेटीचा गंधार असा मुद्दाम उतरवून घेतात, कान सुखावतो, पण मग ती पेटी त्या एकाच सा ची होऊन बसते, कारण काळी पाचचा गंधार म्हणजे पांढरी दोन आणि तीच पांढरी दोन दुसऱ्या कुणाच्या पट्टीत रिषभ नाहीतर पंचम असते. तुमच्या मंडळात सगळ्या एकाच पट्टीत गातात का? नसतील तर घासायच्या फंदात पडू नका.

आणि हे भांडण आजचं नाही. आकाशवाणीने 1940 साली पेटीला दारं बंद केली होती ती सत्तरच्या दशकात कुठे किलकिली झाली. त्याच्याही आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, तारा मोजून मोजून बावीस श्रुतींचा (सप्तकातल्या बाराहून बारीक स्वरस्थानांचा) हिशोब मांडत बसले होते, 1910 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, क्लेमंट्स नावाचे आयसीएस साहेब त्यांच्या जोडीला होते आणि श्रुतीपेटी बनवायची खटपटही झाली. गाऊन दाखवायला कोण तर खुद्द अब्दुल करीम खाँसाहेब! एक महसूलवाला, एक न्यायखात्यातला गोरा साहेब आणि एक किराणा घराण्याचा गवई, काय बैठका होत असतील. आपल्या ठाण्याच्याच डॉ. विद्याधर ओकांनी अलीकडे बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली आहे, जरूर ऐका.

पण म्हणून पेटी बेसूर असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. गोविंदराव टेंब्यांपासून आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकरांपर्यंत ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा. वाजवणाऱ्याला कळतं कुठल्या स्वरावर बोट ठेवायचं आणि कुठल्यावरून उचलायचं.

मिरजेची_मृणाल
काकांनी सांगलीचं नाव काढलं म्हणून आता मिरजेला गप्प बसवत नाही 😄

अॅपबद्दल एक सांगते. अॅपमधला तंबोरा बऱ्याचदा एका पट्टीत रेकॉर्ड केलेला असतो आणि तुम्ही पट्टी बदललीत की तेच ध्वनिमुद्रण वरखाली सरकवलं जातं, त्यामुळे मूळ पट्टीपासून लांब गेलं की आवाज एकतर नाकातला येतो नाहीतर घोगरा. खऱ्या तंबोऱ्यात पट्टीप्रमाणे तारेची जाडी बदलते, लांबी बदलते आणि मुख्य म्हणजे जवारी परत लावावी लागते.

जवारी म्हणजे काय ते आमच्याकडे सितारमेकर गल्लीत जाऊन बघावं. तार ज्या घोडीवर टेकते तिचा वरचा भाग धारदार नसतो, रुंद आणि किंचित उतरता गोलसर असतो. तार कंप पावताना त्या उताराला हलकीशी घासत राहते. त्यात तार आणि घोडीच्या मध्ये एक सुती धागा सरकवतात, तो केसभर पुढेमागे केला की एका ठिकाणी तार एकदम उघडते, आवाज भरून येतो, मग एकेक वरचे स्वर ओळीने वर चढत गेल्यासारखे ऐकू येतात. धागा जरा जास्त सरकला की पुन्हा ठप्प. कारागीर कानसीने घोडी घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, परत घासतो. ट्यूनर वगैरे काही नाही, नुसता कान. वापरून वापरून तारेच्या चऱ्या पडल्या की हे सगळं पहिल्यापासून.

भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचे, जाड सालीचे आणि कडू, खायच्या कामाचे नाहीत. वाळवून, पोकळ करून, महिनोन्महिने ठेवून मग वापरतात. एकोणिसाव्या शतकात शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी घराणी या कामात आली, तलवारींचं काम संपत आलं होतं. फरीदसाहेब सितारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला (म्हणजे तंबोऱ्याला) जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं, पण मुलं या कामात किती टिकतात तो प्रश्न आहेच. जवारी काढणारा हात तयार व्हायला वर्षं जातात आणि त्या वर्षांचे पैसे कुणी देत नाही.

षड्ज_पंचम
मृणालताईंचा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला.

याच घोडीवर सी. व्ही. रामन यांनी काम केलंय, 1921 मध्ये, नोबेलच्या बरंच आधी. जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल त्या बिंदूवर ज्या वरच्या स्वराची गाठ, म्हणजे न हलणारी जागा असते, तो स्वर आवाजात यायला नको. बरोबर मध्यावर छेडलीत तर दुप्पट, चौपट वगैरे गायब व्हायला हवेत. रामन यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, कुठेही छेडा, सगळे स्वर हजर. कारण ती घोडी. तार तिला घासताना प्रत्येक फेरीत शक्ती खालच्या स्वरातून वरच्या स्वरांकडे ढकलली जाते. म्हणजे आपला तो गंधार बोटाने काढलेला नाहीये, तो घोडी आणि धागा काढतात.

पुडीवाला
रामन यांचं नाव आलं आणि तबला राहिला तर कसं चालेल. तंबोऱ्याच्या आदल्याच वर्षी, 1920 ला, त्यांचा तबला-मृदंगावरचा लेख आला होता, पुढे काही वर्षांनी सविस्तर.

साधं कातडं ताणून वाजवलं की जे स्वर निघतात ते एकमेकांना मिळत नाहीत. खालचा स्वर 1 धरला तर पुढचे 1.59, 2.14, 2.30 असे कसेही. म्हणून डफाचा सा सांगता येत नाही. तबल्यावर शाई चढवली की मध्यभाग जड होतो आणि ते प्रमाण सरकत सरकत 1, 2, 3, 4, 5 च्या जवळ जातं, तारेसारखं! म्हणून तबला सा ला मिळवता येतो. हे कुठल्यातरी कारागिरानं गणित न करता कानानं शोधलं आणि नाव कुणाचं माहीत नाही, मला तर हे रामन यांच्या शोधाहून मोठं वाटतं.

शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड आणि खळ. एकदम थापत नाहीत, पातळ पातळ थर, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, घोटता घोटता त्याला बारीक चिरा पडतात आणि त्या पडायलाच पाहिजेत, नाहीतर शाई कडक पापुद्रा होऊन कातडं हलूच देणार नाही. पखवाजाच्या डाव्या बाजूला शाई नसते, तिथे ऐन वेळी कणीक लावतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. भजनाला गेलं की यजमानीण बाईंकडे आधी वाटीभर कणीक मागायची, चहा नंतर.

अंतराताई, त्या सेक्रेटरींच्या मुलाला सांगा पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) ढिली पडणारच, हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) ठोकून एकाच घरात (वादीच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत) चढवू नको, समोरासमोरची घरं बघत जा.

निर्गुण_निवांत
सगळं वाचलं. माफ करा पण भजनात हे हर्ट्झ-बिर्ट्झ कशाला? आमचे आजोबा एकतारीवर गायचे, गावात वीज नव्हती, ट्यूनर नव्हता, डोळ्यात पाणी यायचं ऐकताना. भाव असला की सूर लागतो.

मिरजेची_मृणाल
आजोबांची एकतारी तरी कुणीतरी मिळवलेली असणारच ना दादा. माझा अनुभव उलटा आहे, सूर लागला की भाव यायला जागा होते. बेसूर मंडळात मला तरी फक्त घड्याळ दिसतं.

निर्गुण_निवांत
मिळवायचे तेच. खुंटी पिळत बसायचे बराच वेळ, आम्हा पोरांना कंटाळा यायचा. ठीक आहे, अर्धा मुद्दा तुमचा.

ह्यूस्टनचा_बंड्या
लांबून एक शंका. आमच्याकडे मराठी मंडळाचं भजन असतं, कोविडमध्ये ते ऑनलाईन करायला गेलो आणि पार फज्जा उडाला. सगळे एकत्र "विठ्ठल विठ्ठल" म्हणायला लागले की लय हळूहळू उतरत उतरत शेवटी गाडी बंद. इंटरनेट चांगलं होतं सगळ्यांचं. शेवटी एकाने गायचं, बाकीच्यांनी माईक बंद ठेवून घरात टाळ वाजवायचा असं केलं, पण त्यात मजा नाही, गायकाला वाटायचं आपण एकटेच.

षड्ज_पंचम
लय उतरते कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा आवाज उशिरा पोचतो, तो बिचारा त्याच्यासाठी थांबतो, मग पहिल्याला वाटतं हा मागे पडतोय म्हणून तो थांबतो. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण 25-30 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, पुढे त्रास व्हायला लागतो. व्हिडिओ कॉलवर तो शंभर आणि त्याच्याही वर सहज जातो. हवेत आवाज 100 मिलिसेकंदांत साधारण 35 मीटर जातो, म्हणजे तुम्ही 35 मीटर लांब उभं राहून टाळ वाजवण्यासारखं.

टाळकरी_पुणे
पण 35 मीटर लांब उभं राहून आम्ही टाळ वाजवतोच की! दिंडीत चला एकदा. मोठ्या दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा लांबच लांब असतात, पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंगी, मागे वीणेकरी, त्यामागे तुळशी घेतलेल्या बाया. आता तुमचं वाचून डोक्यात आलं की मृदंग मधोमध असण्याचा फायदा केवढा आहे बघा, तो टोकाला असता तर लांबच्या टाळकऱ्याला आवाज जायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या निम्मा लागतो. कुणी हिशोब करून ठेवला असेल असं नाही म्हणत मी, पण चालत चालत जे जमलं ते राहिलं असणार.

दुसरं म्हणजे आम्ही कानावर कमी आणि डोळ्यावर जास्त वाजवतो. समोरच्या रांगेतल्या माणसाचे हात आणि पाय बघायचे. उजेडाला काही उशीर लागत नाही. नवीन पोरगं दिंडीत आलं की त्याला आधी टाळ देतच नाहीत, पावली (ठेक्यात पावलं टाकणं) शिकवतात. पाय बसले की हात आपोआप बसतात. पोरगं चुकलं तर कुणी ओरडत नाही, शेजारचा फक्त टाळ जरा मोठा वाजवतो, त्यात समजायचं.

ह्यूस्टनचा_बंड्या
हे भारी आहे. म्हणजे आम्ही कॅमेरे बंद ठेवायचो ते तर आणखीच चुकीचं 😅 अर्थात व्हिडिओही उशिराच येतो म्हणा. आता आम्ही हॉलमध्येच जमतो, तिथे मृदंग मध्ये बसवून बघतो, सध्या स्टेजच्या कोपऱ्यात माईकजवळ असतो.

अंतरा_ठाणे
मंडळी, रिपोर्ट. काकूंनी पेटीवर सा आणि प च धरून ठेवला, चाल वाजवायची ती फक्त दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, गाताना नाही. स्पीकरही काकूंच्या बाजूने उचलून आमच्या पाठीमागे ठेवला. किरकिर गेली. पण भलतंच पुढे आलं, दोन जणी पेटीच्या आधाराशिवाय गंधारापर्यंत पोचतच नाहीत, इतके दिवस ते झाकलेलं होतं. त्या जरा हिरमुसल्या. मग आम्ही गाण्याआधी पाच मिनिटं नुसता आ लावून बसायचं ठरवलं, आधी सा, मग त्या तारेतला वरचा गंधार ऐकू येतोय का ते शोधायचं. एकीला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा ती म्हणाली "अय्या, हा आधीपासून होता?"

भाताकाका
त्या दोघींना पेटी द्या हो, हिरमुसवू नका. सुरुवातीला गंधार पेटीवर दाखवायचा, एकदा सापडला की बोट उचलायचं. मंडळ आहे, परीक्षा नाही.

अन् एक विचारतो, यमनमधली चाल कुणाची, ऐकलेली का तुमची तुम्ही लावलेली?

अंतरा_ठाणे
आमचीच! म्हणजे मी गुणगुणले, काकूंनी बदलली, मग तबलेवाल्याने सांगितलं की शेवटच्या ओळीत मात्रा उरतायत. खरं सांगायचं तर तिथे अजून अडलोय.

भाताकाका
उरणारच, आणि उरलेल्या जागेतच तर गंमत आहे. मोठा अभंग म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरं. "सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया" मोजून बघा. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरांना आठ मात्रा दिल्या की दोन उरतात, त्या कुठल्या अक्षरावर ओढायच्या हे तुमच्या हातात, तिथेच एक चाल दुसरीपेक्षा वेगळी होते. "विटेवरी" मधला "टे" ओढलात की वेगळा भाव, "री" ओढलात की वेगळा. चौथ्या चरणात चारच अक्षरं म्हणजे निम्मं घर रिकामं. नवीन लोक घाबरून तिथे तान कोंबतात. तसं न करता "या" वर येऊन सोडून द्या, उरलेल्या मात्रा टाळांना आणि तबल्याला देऊन टाका, तो पोरगा खूश होईल, परीक्षेतही येईल.

पुडीवाला
तिथे एक छोटी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवणं) बसते. त्याला म्हणावं सम (ठेक्याची पहिली मात्रा) सोडू नको फक्त.

चहाटळ
मी थट्टा करायला आलो होतो, आता आमच्या मंडळाला अक्षरं मोजायला लावतोय. एक शंका, "जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले" यात आठ-आठ येतात. मग तिथे जागाच उरत नाही, चाल कशी लावायची?

भाताकाका
तो लहान अभंग. तिथे अक्षराला मात्रा, ओढायला वाव नाही, म्हणून त्याच्या चाली बहुतेक चालत्या असतात, टाळावर ठेक्यात जाणाऱ्या. जागा हवीच असेल तर एक चरण दोन आवर्तनांत पसरा, पण मग लय जरा चढी ठेवा, नाहीतर मंडळ पेंगतं. आणि चालत्या चालीत स्वर फार बदलू नका, चार-पाच स्वरांत खेळवा, लोकांना दुसऱ्या फेरीला उचलता आली पाहिजे. तुमच्याकडे गळा चांगला कुणाचा आहे?

चहाटळ
गळा कुणाचाच नाही काका, पण आवाज सगळ्यांचा आहे. ऐकवतो रविवारी रेकॉर्ड करून, मग तुम्हीच सांगा कुठे पेंगतंय ते.